विहित नमुन्यातलं लग्न

कल्याणराव सकाळपासून टीव्हीसमोर उकिडवे बसले होते. टीव्हीखाली नवा काळा डबा, डब्याला लावलेली हार्ड डिस्क आणि त्या डिस्कमध्ये त्यांच्या लेकीचं, शालूचं, अख्खं लग्न. पण डबा काही ते लग्न मान्य करायला तयार नव्हता. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकायचा, आतून टिक-टिक व्हायची आणि मग सगळं गप्प. कल्याणरावांनी वायर काढून फुंकर मारली, पुन्हा खुपसली, देवाचं नाव घेतलं. टिक-टिक, गप्प.

"आता तरी उठा," वंदनाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "वडीगोद्रीहून पाव्हणे निघाले. हितं धोंडे वळायला दुसरा हात न्हाई, अन् तुम्ही त्या डब्याची पूजा मांडून बसलेत!"

"धोंडे कोणीबी वळंल गं. फेटा कोन दाखवंल?"

आता हा फेटा काय भानगड आहे ते सांगायलाच हवं. अधिक महिना लागला होता. परतूरच्या ह्या घरी जावयाला, अंगदला, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं गेलं होतं, आणि सोबत व्याही मच्छिंद्रराव आणि विहीण तुळजाबाई येणार होते. तुळजाबाईंच्या मनात एकच सल होता. लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले, पण त्यांचा एकुलता एक भाऊ भिवा बोडक्या डोक्यानं परत गेला. झालं! तेव्हापासून शालूच्या कपाळी तो फेटा आला. भाजीत मीठ कमी पडलं, फेटा. दूध उतू गेलं, फेटा. "ज्याच्या घरी मानपान न्हाई, त्याच्या लेकीला काय शिकवन असणार," हे ठरलेलं वाक्य. शालू फोनवर "बरं चाललंय" म्हणायची आणि पुढचं विचारायच्या आत फोन ठेवून द्यायची. बापाच्या काळजाचं पाणी व्हायचं.

आणि खरी गोष्ट अशी, की भिवामामाला फेटा कल्याणरावांनी स्वतःच्या हातानं बांधला होता. तसं त्यांनी विहीणबाईंना हात जोडून सांगितलंही. "असं असंल तर दाखवा," विहीणबाई म्हणाल्या. भिवामामाचा तर पत्ताच नव्हता. मेंढरामागचा माणूस, लग्न उरकलं तसा कळप घेऊन रानोमाळ निघून गेलेला. राहिलं शूटिंग. फोटोवाल्या गोरक्षनाथच्या दुकानात कल्याणरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. भिवामामा खुर्चीत, कल्याणराव मागे, फेट्याचा पीळ त्यांच्या हातात. तेच आज मोठ्या टीव्हीवर, चार माणसांत दाखवायचं आणि लेकीच्या मागची साडेसाती कायमची संपवायची. म्हणून तर हा डबा आणला होता.

त्यांनी गोरक्षनाथला फोन लावला.

"काका, डिस्कला करंट कमी पडून राह्यला," तो म्हणाला. "त्या डब्यात दम न्हाई. बाजारात हब भेटतो, त्याला वेगळा करंट असतो. डिस्क हबला लावा अन् हब डब्याला."

कल्याणराव स्कूटरवर बाजारात गेले. हब घेऊन आले तर त्याची वायर डब्याच्या भोकात बसेना. पुन्हा गेले. दुकानदार म्हणाला, "काका, हब बदलू की वायर?" कल्याणराव म्हणाले, "दोन्ही दे, पर जल्दी दे!" घरी येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटला होता. हब लावला, वायर लावली, बटण दाबलं. निळा दिवा ठाम लागला. टिक-टिक थांबली. टीव्हीवर इंग्रजीत पाटी आली, की ह्या ड्राइव्हचा फॉरमॅट चालत नाही, फॉरमॅट करायचा का? आणि खाली, होय आणि नाही.

कल्याणरावांचा चेहरा उजळला. ते एका कचेरीत कारकून होते आणि अख्खी नोकरी त्यांनी एकाच वाक्यावर काढली होती, 'अर्ज विहित फॉरमॅटमध्ये नाही, सबब परत.' भलेभले पुढारी त्यांनी ह्या वाक्यानं वाटेला लावले होते. आज पहिल्यांदाच एक यंत्र त्यांच्या भाषेत बोलत होतं.

"पाह्यलं का!" ते ओरडले. "बराबर बोलून राह्यला डबा!"

"काय म्हनतो?" वंदनाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"म्हनतो, तुमचं लग्न फॉरमॅटमधी न्हाई. त्या गोरक्षनाथानं कोऱ्या कागदावर अर्ज खरडल्यासारखं दिलंय सगळं. आता डबा सोताच नमुन्यात भरून घेतो म्हनतो. माणुसकी बघ! आमच्या कचेरीत कोणी कोणाचा अर्ज भरून देत न्हाई."

"मंग भरू द्या की."

कल्याणरावांनी 'होय' दाबलं. त्यावर बारीक अक्षरात आणखी चार ओळी आल्या. पण बारीक अक्षरातल्या सूचना अर्जदारानं वाचायच्या असतात, कारकुनानं नव्हे, असा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी पुन्हा 'होय' दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सुर्रकन पळाली आणि काम फत्ते झाल्याचा निरोप आला.

"एवढं जल्दी?" वंदनाबाईंना शंका आली. "हळदीपास्नं नवरीला वाटं लावण्यापर्यंत, सगळं?"

"मशीन हाय ते. चहा प्यायला उठत न्हाई."

त्यांनी डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. हळद नव्हती, वरात नव्हती, नवरदेव नव्हता. फक्त जागाच जागा. शंभर लग्नं मावतील इतकी.

गोरक्षनाथ त्या वेळी केदारखेड्याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शूटिंगला होता. मागं बँड कडाडत होता.

"काय केलं म्हनता?"

"फॉरमॅट केलं! त्यानं इचारलं, मी हो म्हनलो!"

"अवो काका! फॉरमॅट म्हंजी पुसनं!"

"पुसनं?" कल्याणराव भिंतीला टेकले. "मंग 'पुसू का' असं इचारायचं ना सरळ! आमच्याकडं फॉरमॅट म्हंजी नमुना! तुझ्याकडं असंल ना दुसरी कॉपी?"

"न्हाई ना काका. सीझनमधी जागा पुरत न्हाई, मागचं काढून टाकतो. दोन जागी ठेवा म्हनून तुमाला सांगितल्तं मी. जालन्याला एकजण हाय, पुसलेलं काढून देतो. पर आठ-दहा दिवस तरी धरा."

"आठ-दहा दिवस? पाव्हणे अंबडच्या पुढं आले असतील रे!"

पण तिकडं पुढारी केक कापायला लागले होते. फोन बंद झाला.

त्यानंतर कल्याणराव बसले म्हणून नाहीत. ओसरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून ओसरीत, मध्येच टीव्हीपाशी जाऊन डबा बंद करून चालू करायचा, जणू लग्न झोपेतून उठून येईल. मग सुचलं, लग्नात प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता! त्यांनी मेहुणीला, दैवशालाला, फोन केला. तिनं लगोलग ढीगभर क्लिपा पाठवल्या. सगळ्या क्लिपांत दैवशालाच नाचत होती. एकीत मागं, कोपऱ्यात, एक खुर्ची आणि खुर्चीत बसलेला एक माणूस दिसत होता. कल्याणरावांनी श्वास रोखून चित्र मोठं केलं. तेवढ्यात दैवशाला गिरकी घेऊन बरोब्बर त्याच्यासमोर आली.

"हिच्या मारी!" कल्याणराव किंचाळले. आणि दारात जीप थांबली.

पाहुणे उतरले. शालूनं आल्या आल्या बापाकडं पाहिलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता, 'तयार आहे ना?' कल्याणरावांनी नजर चुकवून जावयाच्या पायावर पाणी घातलं, ते निम्मं स्वतःच्याच पायावर पडलं.

तुळजाबाई पदर सावरून थेट टीव्हीसमोर बसल्या. "भिवाला बी निरोप धाडून हितंच बोलवलंय म्या. मेंढरं सातोन्याच्या रानात हाईत त्याची, येईल चालत. लग्नापास्नं तोंड न्हाई पाह्यलं भावाचं. त्याच्या म्होरंच होऊन जाऊ द्या काय ते. लावा."

"लावलं असतं ईहीनबाई," कल्याणराव म्हणाले, "पर लाइट गेली ना."

मच्छिंद्ररावांनी मान वर करून पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"पंख्याची लाइट येगळी असंल," मच्छिंद्रराव समजूतदारपणे म्हणाले.

वंदनाबाई हुशार. त्या गुपचूप मागं गेल्या आणि त्यांनी मेनचं बटणच पाडलं. पंखा कुरकुरत थांबला. "आता पंख्याची बी गेली," कल्याणराव म्हणाले आणि त्यांना जरा हायसं वाटलं. पण ज्येष्ठातली दुपार ती! पत्र्याखाली माणसं निथळायला लागली. अंगदचा नवा सदरा अंगाला चिकटला. आणि शेजारच्या घरातून टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूचा आवाज खणखणीत ऐकू यायला लागला.

"शेजारी तर चालू दिसून राह्यली लाइट," तुळजाबाई वारा घेत म्हणाल्या.

तेवढ्यात भिवामामा आला. हातात काठी, डोक्याला टॉवेल, अंगाला रानाचा वास. कोणाला काही न विचारता रामराम करून पंगतीच्या टोकाला बसला आणि ताटाकडं पाहून खूश झाला. तो शेवटी बहिणीचाच भाऊ, तिच्या विरोधात काय बोलणार, म्हणून कल्याणरावांनी त्याला फेट्याचं विचारलंच नाही.

वंदनाबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले, तुपाची धार सोडली. कोणाचा घास उतरेना, भिवामामा सोडून. शालू वाढता वाढता बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबा, काय झालं? खरं सांगा."

लेकीपुढं कल्याणरावांची लबाडी टिकली नाही. ते उभेच होते. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले.

"लाइट गेली न्हाई. लग्न गेलं. माझ्या हातानं पुसलं."

मग त्यांनी फॉरमॅटची सगळी कर्मकथा सांगितली. अंगदनं ओठ चावून हसू दाबलं. तुळजाबाईंनी मात्र ताट पुढं सारलं.

"आसं म्हना की! पुरावा पुसला! दाखवायला काही असतं तर पुसलं असतं का? शालू, ऐकून ठेव बरं."

शालूनं तुपाची वाटी खाली ठेवली आणि पदरानं डोळे टिपले. ते काही कल्याणरावांना बघवेना. खरंखोटं गेलं चुलीत. ते आत गेले, जावयाच्या आहेरासाठी आणलेला कोरा फेटा घेऊन आले.

"ईहीनबाई, तुम्ही जिंकल्या. चूक माझी. आज समद्यांसमोर मान देतो, मंग तरी माझ्या लेकीला बोल लावू नका." आणि ते भिवामामाच्या मागे उभे राहून फेटा बांधायला लागले. घामानं हात निसटत होते, तरी त्यांनी एकेक पीळ निगुतीनं दिला.

भिवामामानं घास गिळला. डोकं डावीकडं हलवलं, उजवीकडं हलवलं.

"ह्यो बराबर बसला," तो म्हणाला. "लग्नातला लई ढिल्ला होता पाव्हणं. कानावर येत होता."

तुळजाबाईंचा वारा घेणारा हात थांबला. शेजारची मालिकेतली सासूसुद्धा नेमकी जाहिरातीसाठी थांबली.

"कोन्त्या लग्नातला?" तुळजाबाईंनी विचारलं.

"आपल्या अंगदच्या. ह्यांनीच तर बांधल्ता, आक्षदा पडायच्या आधी."

"मंग वाटं लावताना तुझं डोस्कं उघडं कामून होतं रे?"

"उकडून राह्यलं होतं. सोडला अन् टेम्पोत उशाला घेऊन निजलो. लई ग्वाड झोप लागल्ती बघ."

"मेल्या! मंग सांगायचं न्हाई का?"

"तू इचारलंच कव्हा?" भिवामामा खरोखरच चकित झाला. "आताच तर भेटून राह्यलीस."

पहिल्यांदा अंगद फुटला. मग मच्छिंद्रराव, ठसका लागून. शालूनं पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना, ती तिथंच भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सासूसमोर ती अशी हसलेली कोणी पाहिली नव्हती. वंदनाबाई मागं जाऊन मेनचं बटण चढवून आल्या.

कल्याणरावांना बोलायला आता रान मोकळं होतं. पण त्यांनी भिवामामाच्या फेट्याचा शेमला तेवढा नीट केला.

तुळजाबाईंनी पुढं सारलेलं ताट स्वतःच्याच हातानं जवळ ओढलं.

"शालू," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या आबाचं ताट घे बाई माझ्या शेजारी. सकाळपास्नं उपाशी दिसून राह्यला माणूस. अन् तूप जरा सढळ हातानं वाढ."