रस्त्याच्या नावापुढचा कंस

माणसाला नाव एकदाच मिळतं. पण एकच नाव किती माणसांना मिळावं, यावर कायद्याने अजून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. ही उणीव वरवर लहान वाटते. ती किती मोठी आहे, हे नगरपालिकेच्या नामफलक विभागात एकतीस वर्षं नोकरी केल्याशिवाय कळत नाही. मी केली आहे.

आमच्या शहरात एक नाव फार चालतं. भर बाजारात ते मोठ्याने घेतलं तर पाच जण वळून बघतात, दोघं "आलो, आलो" म्हणतात आणि एक जण पळून जातो. (ते नाव इथे देत नाही. दिलं तर आणखी अर्ज येतील.) मतदार यादीत या नावाचे, आडनावासकट, एकशे सतरा नागरिक आहेत. त्यांपैकी सात सुप्रसिद्ध आहेत. उरलेल्या एकशे दहांबद्दल आमच्या विभागाचं काही म्हणणं नाही.

याच नावाचा एक रस्ता शहरात आहे. पाण्याच्या मोठ्या टाकीपासून उतरतो, तीनशे घरांमधून जातो आणि नाल्याशी संपतो. गेल्या वर्षी त्याची गंजलेली पाटी पाववाल्याच्या सायकलवर पडली. पाववाल्याला लागलं नाही, पण पाटीचे दोन तुकडे झाले, आणि नवी पाटी करायची म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली.

एरवी हे काम आठ महिन्यांत होतं. पण मध्यंतरी वरून परिपत्रक आलं होतं: यापुढे प्रत्येक पाटीवर नावापुढे कंस करून त्यात ती व्यक्ती कोण होती ते लिहावं, म्हणजे प्रेरणा नेमकी कोणाकडून घ्यायची याबाबत नागरिकांचा गोंधळ होणार नाही. मी बावीस वर्षांपूर्वीचा ठराव काढला. त्यात लिहिलं होतं, "सदर रस्त्यास श्री. अमुक यांचे नाव देण्यात यावे. एकमताने मंजूर." कोण हे श्री. अमुक, याबद्दल अवाक्षर नव्हतं. एकमत होण्याचं कारणही बहुधा तेच असावं.

साहेब म्हणाले, "रस्त्यावर विचारा ना. राहणाऱ्यांना माहीत असणारच."

आम्ही शंभर घरांत विचारलं. एक्केचाळीस घरांनी "हाडांचे डॉक्टर" असं सांगितलं. सव्वीस घरं म्हणाली, "असतील कोणीतरी थोर." बत्तीस जणांनी "कुठला रस्ता?" असं उलट विचारलं, कारण ते सगळे त्याला टाकीचा रस्ता म्हणतात. एका घरी कुत्रं मोकळं होतं, त्यामुळे त्यांचं मत नोंदवता आलं नाही.

मग साहेबांनी रीतसर कंस समिती नेमली आणि वर्तमानपत्रात दावे मागवले. सातही सुप्रसिद्धांचे दावे मुदतीत आले. हाडांच्या डॉक्टरांचा दावा कोणालाच वाचता आला नाही, म्हणून तो सर्वात वजनदार ठरला. निवृत्त न्यायाधीशांनी दाव्यासोबत स्वतःच्या बाजूने दिलेला चौदा पानी निकालही जोडला होता. कवींनी फॉर्ममध्ये 'व्यवसाय' या रकान्यात "श्वास घेणे" असं लिहिलं होतं. इंजिनिअरांनी शहरात तीन पूल बांधले आहेत, पैकी दोन उभे आहेत. बुद्धिबळपटूंनी अर्ज दिला आणि बाकीचे काय करतात ते बघत बसले. गायक आणि नाटकातले खलनायक स्वतः येऊन गेले. दोघांनाही निघायला सांगावं लागलं.

आठवा माणूस आला तो दावा घेऊन नव्हे, तर पिशवी घेऊन.

साधारण सत्तरीचा, बारीक अंगाचा, डोक्यावर टोपी. पाणीखात्यातून निवृत्त झालेला चावीवाला, म्हणजे भागाभागाचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. टाकीच्या रस्त्यावर सगळे त्याला चावीकाका म्हणतात. त्याचंही नाव तेच.

"साहेब, तुमची ती जाहिरात थांबवा," तो म्हणाला. "पोस्टमन आता मला वेडा करेल."

भानगड अशी होती की, नाव तेच आणि राहायचा रस्ताही त्याच नावाचा, त्यामुळे पोस्टमन त्या नावाचं सगळं टपाल वर्षानुवर्षं याच्याच दारात टाकत होता. आणि काका ते दर शनिवारी सायकलवरून घरोघर पोचवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीनंतर सातही सुप्रसिद्धांच्या चाहत्यांनी अभिनंदनाची पत्रं धाडली होती, तीनशे नऊ. काकांच्या सायकलला एवढं ओझं झेपेना.

"कवींना एरवी पत्रंच येत नव्हती हो," ते मला हळूच म्हणाले. "मलाच वाईट वाटायचं. आता आली तर उचलवत नाहीत."

मी त्यांना खुर्ची दिली. रस्ता कोणाच्या नावाचा आहे असं वाटतं, तेही विचारलं.

"डॉक्टरसाहेबांचा. दुसरा कोणाचा असणार?" काका म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर तो जरा वाकडा जुळलेला होता. "हा हात त्यांनीच बसवलाय. देवमाणूस."

इथे आमच्या रेकॉर्डबाईंनी मान वर केली. रेकॉर्डबाई म्हणजे तळघरातल्या कागदांची एकमेव जाणकार. कागद खरा असला तर त्या माणसाला खोटं पाडतात आणि माणूस खरा असला तर पुन्हा कागद शोधायला खाली जातात.

"हात कधी मोडला, काका?" त्यांनी विचारलं.

"टाकीला तडा गेला ना, तेव्हा. बावीस वर्षं होतील."

बाई उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

दुपारी त्या वर आल्या तेव्हा केसांत जाळी होती आणि हातात दोन फाइली. त्यांतून जे समजलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी मोठ्या टाकीला तडा गेला. भिंत सुटली असती तर अकरा लाख लिटर पाणी तीनशे घरांवर आलं असतं. टाकी नाल्यात रिकामी करायची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, खालच्या चेंबरमध्ये होती आणि चेंबरमध्ये पाणी भरत होतं. चावीवाला आत उतरला. चावीचं चाक गंजलेलं होतं. पूर्ण उघडायला एकशे चाळीस फेरे लागतात. ऐंशीव्या फेऱ्याला चाक उलटं फिरलं आणि हाताचं हाड मोडलं. उरलेले साठ फेरे त्याने डाव्या हाताने फिरवले. शेवटी पाणी हनुवटीला लागलं होतं. पाणी नाल्याने गेलं. घरं राहिली.

पहिली फाइल पाणीखात्याची होती: "लेखी परवानगीवाचून अकरा लाख लिटर पाणी वाया घालवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?" ही चौकशी अजून चालू आहे.

दुसरी फाइल आमच्या विभागाची होती. त्यात तीनशे घरांचा अर्ज होता, "आमच्या चावीवाल्याचे नाव रस्त्याला द्यावे" असा. पुढे त्याचं नाव, आणि खाली तीनशे बारा सह्या व अंगठे. (मधल्या काळात वर्तमानपत्राने घरं वाचवणाऱ्याची बातमी दवाखान्याच्या कागदावरून छापली. त्या कागदावर रुग्णाचं नाव आणि डॉक्टरांचं नाव एकच असल्यामुळे कोणी कोणाला प्लास्टर घातलं हे कळत नव्हतं. वर्तमानपत्राने सुप्रसिद्ध असेल तो निवडला.)

अर्जावरून ठरावाचा मसुदा झाला तेव्हा कोणीतरी 'चावीवाला' हा शब्द लाल शाईने खोडला होता. समासात शेरा होता: "रस्त्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाही." खाली खोडणाऱ्या कारकुनाची आद्याक्षरं होती. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आद्याक्षरं माझी होती. तेव्हा माझं अक्षर आजच्यापेक्षा बरं होतं, एवढंच मी याबाबत म्हणू शकतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांना बोलावून अर्ज दाखवला. आमच्या खात्यात रडण्याचे प्रसंग येतात, पण ते बदलीच्या हुकमावर. काका रडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक सही वाचायला लागले.

"ही गिरणीवाली," ते म्हणाले. "हिने सही केली? ही तर माझ्याशी बोलत नव्हती. पाणी कमी सोडतो म्हणायची."

थोडं खाली जाऊन म्हणाले, "हा शिंपी. गेला बिचारा." आणखी खाली एक अंगठा होता, पुढे नाव लिहिलेलं. तिथे त्यांचं बोट अडलं. "ही माझी सासू. अंगठा द्यायला गेली आणि घरी एका शब्दाने बोलली नाही म्हातारी. माझं तोंडसुद्धा बघत नव्हती हो."

मग त्यांनी विचारलं, "याची नक्कल मिळेल का? बायकोला दाखवतो."

मी नियम सांगितला. नक्कल फक्त संबंधित व्यक्तीला मिळते, आणि संबंधित व्यक्ती कोण हे तर समितीने अजून ठरवायचं होतं. काकांनी मान डोलावली. नियम ऐकून मान डोलावणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. रेकॉर्डबाई म्हणाल्या, "मी चहाला जाते," आणि फाइल उघडी ठेवून गेल्या. बाई चहा पीत नाहीत. काकांनी माझ्याकडूनच कोरे कागद मागून घेतले आणि डाव्या हाताने तीनशे बारा नावं उतरवून काढली. पाच वाजले. मीही खिडकीबाहेर बघत बसलो. हे कामकाजाच्या वेळेत नेहमीच करतो, तेव्हा त्यात काही विशेष नव्हतं.

सोमवारी समिती बसली. मी टिपणात सगळं खरं लिहिलं होतं, फक्त खोडणाऱ्याच्या नावाच्या जागी "तत्कालीन कर्मचारी" असा शब्द घातला होता. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "अडचण एवढीच, की तो जिवंत आहे."

नियम स्पष्ट आहे. हयात व्यक्तीचं नाव रस्त्याला द्यायचं तर ती सुप्रसिद्ध असावी लागते. सुप्रसिद्ध नसलेल्या व्यक्तीने मृत असणं आवश्यक आहे. समितीने काकांना आत बोलावलं आणि कुठलाही दबाव न आणता त्यांच्या पुढच्या बेतांबद्दल विचारलं.

"सध्या तरी काही विचार नाही," काका म्हणाले.

साहेब निराश झाले, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "शिवाय तुमची चौकशी चालू आहे," ते म्हणाले. "निर्दोष सुटलात तर बघू."

"ती कधी संपेल?"

"कागदपत्रं मिळत नाहीत. तळघरात शोधायला हवं."

"साहेब, ती गेल्या आठवड्यातच सापडली," रेकॉर्डबाई दारातून म्हणाल्या.

"मग आता वाचायला हवीत," साहेब म्हणाले.

काका उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "मला कंस नको, साहेब," ते म्हणाले. "तेवढं पोस्टमनला सांगा. आणि त्या टाकीखालच्या चाकाला तेल घाला कोणीतरी. आता माझ्याने दोन्ही हातांनी होणार नाही." एवढं बोलून ते गेले. समितीने पोस्टमनची बाब टपालखात्याकडे आणि तेलाची बाब भांडारविभागाकडे वर्ग केली.

उरला कंस. डॉक्टर लिहिलं तर न्यायाधीश कोर्टात जाणार, न्यायाधीश लिहिलं तर कवी लिहिणार. तोडगा मी सुचवला. पाटीवर नाव लिहावं आणि पुढे कंसात एकच शब्द: (सुप्रसिद्ध). सातही जणांनी तो आपापल्यापुरता समजून घ्यावा. साहेब उठून माझ्याशी हस्तांदोलन करून गेले. ठराव एकमताने झाला. मला त्या वर्षीचं प्रशस्तिपत्र मिळालं; त्यावर माझं नाव चुकलं आहे.

पाटी लागली त्या दिवशी सातही सुप्रसिद्ध सात वेगवेगळ्या वेळी येऊन फोटो काढून गेले. संध्याकाळी रेकॉर्डबाई काकांच्या घरी जाऊन आल्या. काकूंनी ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरले होते आणि त्या प्रत्येक नावावरून नवऱ्याला प्रश्न विचारत होत्या.

"बावीस वर्षं या रस्त्याने भाजी आणते मी," काकू म्हणाल्या. "सांगायचं होतं ना एकदा."

"मला तरी कुठं माहीत होतं?" काका म्हणाले.

"आणि आईने अंगठा दिला?"

"दिला."

काकूंनी तो कागद उचलून बाजूला ठेवला आणि बाईंना म्हणाल्या, "माझी आई कोणाला सहजी अंगठा द्यायची नाही हो." मग त्या आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाईंनी त्या घरी दोन कप चहा घेतला.

आता वाचकांसाठी सूचना. 'आपल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते कोण?' हे जाणून घ्यायचं असल्यास आमच्या विभागात अकरा ते पाच या वेळात फॉर्म मिळतो. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या पाच हजार प्रती छापल्या होत्या. आज पाच हजार शिल्लक आहेत. आपण त्या रस्त्यावर जन्मभर राहता, पत्ता म्हणून ते नाव रोज लिहिता, आणि उद्या सकाळी अचानक चौकशीला आलात तर आमची धांदल उडेल, असं काही जण म्हणतात. आम्ही निर्धास्त आहोत. आपण येणार नाही.