जेवले का त्यांच्याकडं?

आमचे हेडमास्तर निकम सर यांच्याकडे आम्हा शिक्षकांनी पोराची तक्रार घेऊन जाणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. सर सगळं शांतपणे ऐकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "जेवले का त्यांच्याकडं?" नाही म्हटलं की येत्या रविवारी त्या पोराच्या घरी जेवायला जायचं. डबा न्यायचा नाही. मग खुशाल तक्रार करा.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत पेठ-सुरगाण्याची आदिवासी पोरं होती, देवळालीच्या फौजींचीही होती. नागालँडच्या एका सुभेदाराचा मुलगा कुणात मिसळत नाही, असं कुलकर्णी बाई बोलून बसल्या. रविवारी देवळाली कॅम्पात जेवून आल्या. तिकडच्या मिरचीनं दोन दिवस त्यांचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी त्याला "चिनी" म्हणणाऱ्या पोरांची त्यांनी अशी हजेरी घेतली, की स्टाफरूममध्ये आमचा चहा थांबला.

माझी तक्रार वसतिगृहातल्या यमुनेबद्दल होती. माझ्या गणिताच्या तासाला तोंड म्हणून उघडायची नाही. "मठ्ठ आहे सर. तिला गावच्या शाळेत परत पाठवा."

"जेवले का त्यांच्याकडं?"

रविवारी पेठच्या एसटीत उभ्यानं, पुढं तासभर चढ, पायात नवे बूट. सरांना मी वाटभर लाखोली वाहिली. यमुना सुट्टीला घरीच आली होती. अंगणात धाकट्या भावंडांना पाढे म्हणायला लावत होती, चुकलं की खडसावत होती. मी बघतच राहिलो.

तिच्या आईनं नागलीची भाकरी वाढली. मी विचारलं, "वर्गात का गं बोलत नाहीस?"

यमुना खाली बघत म्हणाली, "मी बोलले का पोरं हसतात. तुम्ही बी हसले होते."

हसलो होतो. तिच्या बोलण्याची नक्कलही केली होती.

सोमवारी तक्रार मागे घेतली. पण पायाचे फोड ठणकत होते, म्हणून जरा घुश्शातच विचारलं, "सर, तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे जेवलात?"

"नाय जेवलो," सर म्हणाले. "असाच एक गप्प पोरगा होता. मी त्याच्या हातात दाखला दिला. वर्षानं राहवलं नाय म्हणून गेलो, तर घर बंद, दाराला बाभळीची काटी लावलेली. घरचे सगळे मजुरीला गेलेले. कुठं, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"भाकरी गरम होती का?" त्यांनी विचारलं.