शेठना कोण ओळखतं?

तपास खात्याचे साहेब अटकेचा हुकूम घेऊन आले तेव्हा शेठ दाढी करत होते. आरोप दोन होते. लाच देऊन कंत्राटं मिळवली आणि तो पैसा बारा कंपन्यांतून फिरवून पांढरा केला. शेठ डगमगले नाहीत. मंत्री पाठीशी असल्यावर घाबरतो कोण? अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "बसा, चहा घ्या. तोवर एक फोन करतो."

"फोन आम्हीच करणार," साहेब म्हणाले. "अटकेआधी दोन प्रतिष्ठित नागरिकांनी आरोपीची ओळख पटवायची, असा नियम आहे."

देवाच्या दारी ओळख लागत नाही म्हणतात. खात्याच्या दारी दोन लागतात. शेठ खूशच झाले. दिवाणखान्याची भिंत फोटोंनी भरली होती. मंत्री, विरोधी पक्षनेते, मोठे डॉक्टर, सगळ्यांच्या गळ्यात शेठचा हात. "यातले कुठलेही दोन घ्या. आल्या पावली परत पाठवतील तुम्हाला."

मंत्री म्हणाले, "कोण शेठ? सार्वजनिक जीवनात गळ्यात कोण हात टाकतं, हे मागे वळून बघायला वेळ कुठे असतो?"

विरोधी नेते म्हणाले, "ओळखत असतो, तर त्याच्या अटकेची मागणी केली असती का?"

डॉक्टरांच्या दवाखान्यात शेठच्या वडिलांच्या नावाचा कक्ष होता. ते म्हणाले, "वडिलांना ओळखतो. भिंतीवर नाव आहे ना."

गालावरचा साबण वाळून तडकला. "अहो, मंत्र्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पाणी दिलंय मी," शेठ कळवळून म्हणाले. "बरं, मीच सांगतो मी कोण ते. लिहून घ्या."

"आरोपीची साक्ष चालत नाही," साहेब म्हणाले आणि दाराआडच्या मेहुण्याकडे वळले. निम्म्या धंद्यात त्याची भागी होती.

"मी नळ दुरुस्त करायला आलोय," मेहुणा म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या शेठाणीबाईंनाही साहेबांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी ओळखता ना? बारापैकी नऊ कंपन्या तुमच्याच नावावर आहेत."

बाईंनी ट्रे हळूच खाली ठेवला. "पंचवीस वर्षं संसार केला, भाऊ. नऊ कंपन्यांचं आत्ता तुमच्या तोंडून कळतंय. कुठल्या तोंडाने सांगू, ओळखते म्हणून?"

साहेबांनी तिथेच अहवाल लिहिला : 'सदर इसम कोणाच्याही परिचयाचा नाही. अशा अनोळखी नागरिकास आरोपी समजून त्रास देणे उचित नाही. सबब प्रकरण बंद.'

"साहेब, हवं तर न्या मला," शेठ दारापर्यंत मागे गेले. डोळे भरून आले होते. "पण कोणीतरी ओळखतं, एवढं लिहा."

"नियमात बसत नाही," साहेब म्हणाले आणि जिना उतरले.

दुपारी बातमी आली : शेठ निर्दोष. संध्याकाळी मंत्री पुष्पगुच्छ घेऊन हजर. "सोनं तावून सुलाखून निघालं. आम्हाला खात्रीच होती." पाठोपाठ विरोधी नेते, डॉक्टर. फोटोसाठी रेटारेटी झाली आणि हातातला पाना खिशात घालून मेहुणा पुढच्या रांगेत उभा राहिला. शेठनी सगळ्यांच्या गळ्यात हात टाकले. शेठाणीबाई तेवढ्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

तुम्ही हसताय, छान. तुमचं घर शेठच्याच इमारतीत ना? कागदावर निम्मी किंमत, उरलेली पिशवीतून. साहेब उद्या तुमच्या मजल्यावर येणार आहेत म्हणे. काळजी नको. काय सांगायचं, ते तुम्हाला पाठच आहे.