डोमाजी भाऊ कॉम्प्युटर घेऊन पायी निघतात

डोमाजी भाऊंच्या कॉम्प्युटरला टिकली लावलेली असते. लाल, मध्यम आकाराची, पडद्याच्या वर बरोब्बर मधोमध, जिथे कॅमेऱ्याचं बारीक भिंग असतं तिथे. धुळीने गोंद सुटला की भाऊ बाजारात जाऊन टिकल्यांचं नवं पाकीट आणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, लेकरूबाळ नसलेला माणूस बांगडीवाल्याच्या दुकानात उभा राहून टिकल्या निवडतो, हे आमच्या गल्लीने पाहिलं आणि गल्लीला जे वाटायचं ते वाटलं. शेजारच्या बाया मला येऊन हळूच विचारू लागल्या, "कोन हो ते?" मी सांगितलं, कॉम्प्युटर. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

"तो डोळा आहे, बाई," भाऊ मला म्हणाले होते. "आपन त्याच्याकडे पाहतो तवा तोही आपल्याकडे पाह्यते. मी घरी बनियनवर बसून असतो. तिकडून कोन पाहून राह्यलं, काय ठाऊक!"

ब्रह्मपुरीत माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा छोटा क्लास आहे, आणि भाऊ समोरच्या घरात राहतात. नोकरीभर ते बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होते. मधल्याच एखाद्या फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवायची, आत चढायचं आणि सगळ्यांकडे असं पाहायचं की तिकीट काढलेल्या माणसालाही आपला खिसा चाचपावासा वाटे. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, नजर सुटली नाही. दूधवाला आला की ते आधी दुधाकडे, मग मापाकडे आणि मग त्याच्या ओल्या चपलांकडे पाहतात. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याचा हात धरून "कालची तर नाई नं?" विचारतात. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर उलट नमस्काराऐवजी "काऊन?", म्हणजे कशासाठी, असं विचारतात. आणि समोरचा दुखावलाच, तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "शंका नाई, खात्री करून राह्यलो."

हा कॉम्प्युटर, म्हणजे घडी होणारा लॅपटॉप, त्यांनी घेतला तो तक्रारी लिहायला. हाताने लिहिलेली तक्रार साहेब लोक वाचत नाहीत, टाईप केलेली वाचतात, असा त्यांचा समज होता. त्यासाठी ते माझ्या क्लासात मराठी टायपिंग शिकले. बारावीच्या पोरींमध्ये, पण सगळ्यात मागे, पाठ भिंतीला टेकवून बसत. मागून कोणी वाचू नये म्हणून. एका बोटाने टाईप करत आणि प्रत्येक शब्द झाला की खोलीभर एक नजर फिरवत.

असा हा माणूस दिवाळी झाल्यावर एका सकाळी माझ्या पायरीवर येऊन म्हणाला, "बाई, मी पायी निघतो. वैनगंगेच्या काठानं. खाली पार प्राणहितेपर्यंत."

मी विचारलं, "इतकं? आन काऊन?"

"जिंदगीभर त्याच रस्त्यानं फिरलो, पन काई पाह्यलं नाई. लोकायचे खिसेच पाह्यले."

हे कारण मला पटलं. पण भाऊंना ओळखणाऱ्याला माहीत होतं की त्यांचं पहिलं कारण खरं नसतं. खरं कारण दुसऱ्या दिवशी निघालं. सिरोंच्याच्या वाटेवर, प्राणहितेच्या काठी एका गावात त्यांची धाकटी बहीण राहते, पारबता. हे मूळचे नदीवर मासे धरणारे लोक. पारबता दिली तीही मासे धरणाऱ्याच घरात, पण इतकी खाली की तिथे अर्धी बोली तेलुगू. भाऊ तिला दर रविवारी फोन करत. गेल्या दोन पावसाळ्यांपासून मात्र त्यांना त्या फोनबद्दल शंका येऊ लागली होती.

"मी विचारतो, पानी पडलं का? ते म्हनते, हाव, जेवली. मी विचारतो, सून कशी आहे? म्हनते, बरी आहे मी, तू तब्येत सांभाळ. आन मंग कट करते. बाई, काईतरी लपवून राह्यले तिकडे. सून बाजूला उभी राहून बोलू देत नसन. नाईतर पारूच रागावली असन. फोनवर समजत नाई. जाऊन पाह्यलं पाह्यजे, आन न सांगता पाह्यलं पाह्यजे."

"मंग बसनं जा नं."

"बशीतून उतरलं की गावभर बातमी होते. पायी आलेल्या मानसाची होत नाई."

जंगलातला रस्ता, वाघाची भीती, हे सगळं मी बोलून पाहिलं. वाघाबद्दल भाऊंना काहीच शंका नव्हती. ते म्हणाले, वाघ वाघ असल्याचं लपवत नाही. तरी दिवसाउजेडी डांबरी रस्त्याने, गावागावात मुक्काम करत जाण्याचं त्यांनी कबूल केलं. पाठीवरची मोठी बॅग आली. चादर, डबा, विजेरी, मच्छरदाणी, सगळं आलं. आणि मग प्रश्न आला तो कॉम्प्युटरचा. न्यायचा की ठेवायचा?

मी म्हटलं, "कायले नेता? वजन होते. फोन आहे नं."

"फोन ऐकते आपलं."

"मंग घरी ठेवा."

"घर बंद पाहून कोनी उचलला तर?"

"माझ्या इथी ठेवा."

ते माझ्या मनाला लागू नये अशा आवाजात म्हणाले, "तुमच्यावर शंका नाई, बाई. पन तुमच्या इथी पोरी येतात. त्यायले टिकली दिसली की काढून आपल्या कपाळाले लावतीन. डोळा उघडा पडन."

मग त्यांनी प्रयोग सुरू केले. कॉम्प्युटर लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं, घरालाही कुलूप लावलं आणि सकाळपासून माझ्या पायरीवर, वर्तमानपत्राआडून आपल्याच दारावर पाळत ठेवून बसले. दुपारपर्यंत त्यांच्या दाराकडे कोणी फिरकलं नाही. एक बकरी तेवढी उंबरठ्यापर्यंत जाऊन आली.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "कोनीच नाई आलं."

"तेच तर," भाऊ म्हणाले. "कोनीच कसा नाई आला? म्हनजे मी जायची वाट पाहून राह्यले."

मग वजनाचा प्रयोग. कॉम्प्युटर किराणा दुकानात नेऊन तोलला. त्या काट्यावर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या दुकानात तोलला. तेवढ्याच वजनाचे तांदूळ बॅगेत भरले आणि नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर तांदूळ पुन्हा तोलून घेतले, कारण वाटेत ते जड झाल्यासारखे वाटले होते.

गल्लीही आता स्वस्थ नव्हती. पायी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्याला कॉम्प्युटर कशाला हवा? कोणी म्हणालं, जमिनीत पुरलेलं धन शोधायचा नकाशा आहे त्यात. कोणी म्हणालं, टिकलीवाली तिकडचीच आहे. खरं सांगायचं तर मलाही शंका होती. तक्रारी लिहायच्या वस्तूसाठी माणूस इतका जीव टाकत नाही. पण विचारलं की भाऊ म्हणायचे, "तुमाले काऊन पाह्यजे?" आणि माझ्याकडेच टक लावून पाहायचे.

शेवटी निर्णय झाला. ठेवला तर मन मागे राहील, नेला तर फक्त खांदा दुखेल, खांदा बरा. त्यांनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि वरून युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातला. दवापासून रक्षण, आणि चोराला वाटेल खत आहे. मी म्हटलं, खताचं पोतं बॅगेत घालून पायी फिरणारा माणूस पाहून कोणालाही संशय येईल. भाऊंना हे पटलं नाही. ते निघाले.

आणि तेच झालं. गडचिरोलीच्या पुढे एका नाक्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं. बॅगेत काय आहे? भाऊंनी चोख सांगितलं, युरिया. मग काय विचारता! बॅग उघडली, पोतं उघडलं, चादर उघडली, आणि आतून टिकली लावलेला कॉम्प्युटर निघाला. मला फोन आला. मी ओळख सांगितली, शेजारी आहेत, भले आहेत, फक्त शंकेखोर आहेत. तिकडून कोणीतरी मोठ्याने हसलं आणि फोन भाऊंकडे दिला. मला वाटलं, भाऊ तक्रार लिहायची म्हणतील. तर ते इतके खूश, की नोकरीत असतानाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"बाई, पोरगा साजरा आहे! कानाकोपरा तपासला. बॅगेचा तळ पाह्यला, चपलेचा तळवा पाह्यला. असा मानूस पाह्यजे. मंग चाय पाजला त्यानं."

"तुमी प्याले?"

"आधी त्याले पेवाले लावला."

पुढे अधूनमधून त्यांचे फोन येत. चामोर्शीच्या पुढून आला, मग आलापल्लीहून. खांदा सुजला होता. मी म्हटलं, अजूनही वेळ आहे, कंडक्टरच्या हाती द्या आणि ब्रह्मपुरीला परत पाठवा. "कंडक्टरच्या हाती?" एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. एकदा मी विचारलं, इतकं ओझं करून नेलात, एकदा तरी उघडला का? तर म्हणाले, "कायले? सगळे पाहतीन नं!"

मग काही दिवस फोन नाही. माझ्याच मनात नाना शंका येऊ लागल्या. मी लावला तर लागत नव्हता.

एका दुपारी क्लास चालू असताना फोन वाजला. भाऊच होते. ना नमस्कार, ना खुशाली.

"बाई, अक्षर मोठं कसं करायचं?"

मी सांगितलं, वरच्या पट्टीत आकडा असतो, तो वाढवा.

मागे कोंबड्यांचा आवाज. "झालं. अजून मोठं पाह्यजे."

"अजून आकडा वाढवा."

"अजून."

"भाऊ, बॅनर बनवून राह्यले का?"

ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, पारूले ऐकू येत नाई."

मी खुर्चीवरून उठून बाहेर पायरीवर आले.

"काईच नाई येत. मी आलो तवा ते अंगनात पाठमोरी बसून जाळं शिवून राह्यली होती. मी मागून हाका मारल्या. वळली नाई. मले वाटलं, राग आहे. परत फिरनार होतो, बाई. फाटकापर्यंत गेलोही होतो. तेवढ्यात सून बाहेर आली, तिनं हात धरून मले समोर नेलं. पारूनं पाह्यलं आन जाळं टाकून रडाले लागली."

"मंग फोनवर बोलत होती ते?"

"अंदाजानं. फोन हातात थरथरला की तिले समजे, रविवार आहे, दादा आहे. कानाले लावून बसे. मी काय विचारतो ते काई समजत नव्हतं. दोन-चार गोष्टी बोले आन ठेवून दे. सुनेले बजावून ठेवलं होतं, दादाले सांगू नको. तिकडे एकटा आहे. ऐकू येत नाई समजलं तर फोन करनं बंद करन, मंग आठवडाभर तो बोलन कोनाशी?"

मग भाऊ एकदम कामाचं बोलले, "डोळ्यालेही कमी दिसते तिले. फोनवरचं दिसत नाई. शाळेत चौथीपर्यंत गेली होती, मोठं अक्षर वाचते. बाई, 'म्ह' कसा काढायचा? मले 'मह' येऊन राह्यला."

मी सांगितलं. फोन त्यांनी बहुतेक बाजेवर ठेवला असावा, कारण एका बोटाने टाईप केल्याचा आवाज मला येत होता. मग एका बाईचा आवाज आला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठा. अक्षर अक्षर जुळवत ती वाचत होती.

"म्हा... ता... री... झा... ली... स."

आणि लगेच, अंगण दणाणून जाईल अशी, "आन तू कोवळा हायेस का रे, दादा!"

कोणीतरी हसलं, सून असावी. भाऊ हसले की नाही ते कळलं नाही. माझ्या क्लासातल्या पोरी दारात येऊन माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना हाताने आत जायला सांगितलं. फोन ठेवायला हवा होता, पण ठेवला नाही.

पुन्हा ते एक एक बटण. या वेळी फार वेळ लागला. मध्येच थांबत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. मग तिचं वाचणं सुरू झालं.

"मी... इ... थी... रा... हू... का." कॉम्प्युटर मागे का ठेवला नाही, ते मला आत्ता कळलं: परत यायचं बहुतेक मनात नव्हतंच.

तिने ते सगळं एका दमात पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे लिहून काऊन विचारतोस? तुझी बाज सावलीत टाकली आहे सकाळीच. उठ, हातपाय धू."