छतावरचा हंस

मुलीच्या खोलीचं छत नवं करायचं ठरलं आणि पीओपीवाल्या मिस्त्रींनी एकशे चाळीस नमुन्यांचा जाडजूड अल्बम आणून टेबलावर ठेवला. मुलगी तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी विमानाने नऊ तास लागतील इतक्या लांब गेली होती. गेली ती गेलीच. तेव्हापासून तिच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे तेवढे पडलेले असत. तरी छत तिच्याच पसंतीचं हवं, असा तिच्या वडिलांचा, म्हणजे निरीक्षकांचा, हट्ट होता. वजनमापं तपासण्याच्या नोकरीतून ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण घरात अजूनही निरीक्षकच होते.

त्यांनी मुलीला साध्या पट्टीच्या छताचा फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. दुसरा पाठवला, तर नुसतं 'छान'.

"छान म्हणजे करायचं की नाही करायचं?" निरीक्षक म्हणाले.

"तिला वेळ नसतो हो," आई म्हणाली आणि स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला लागली.

तिसऱ्या खेपेला निरीक्षकांचं बोट घसरलं आणि भलतंच पान गेलं. चारी कोपऱ्यांत सोनेरी द्राक्षांचे घोस आणि मधोमध पंख पसरलेला सहा फुटी हंस. मिनिटभरात फोन वाजला.

"बाबा, हे काय आहे? तुम्ही बरे आहात ना?"

हंसाचा विषय तीन मिनिटांत संपला. मग घरमालकिणीची कटकट निघाली, गळका नळ निघाला, करपलेलं दूध निघालं. पुरी चाळीस मिनिटं पोरगी बोलत होती. फोन ठेवल्यावर आईने अल्बम पुढे ओढला. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली होती, पण आधी तोंड कुणी उघडायचं?

"उद्या," आई म्हणाली, "ते शंखांचं पाठवून बघू या का?"

शंखांनी बावन्न मिनिटं दिली. गुलाबी ढगांनी तासाच्या वर नेलं. "तुझ्या बाबांना फार आवडलंय," असं सांगून आई दर वेळी नामानिराळी व्हायची. ज्या माणसाने जन्मभर दुकानदारांच्या काट्यातली लबाडी पकडली, तो आता स्वतःच पारड्याला बोट लावत होता आणि त्याला लाज म्हणून वाटत नव्हती. लेकीचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

आठवडाभरात कुरूप पानं संपली. निरीक्षकांनी मिस्त्रींना विचारलं, "यापेक्षा भडक काही आहे का?"

मिस्त्रींना भरूनच आलं. हंसाचा साचा त्यांनी उमेदीच्या काळात स्वतः कोरला होता आणि बारा वर्षं गिऱ्हाइकं ते पान बघून मुकाट्याने उलटत आली होती. कदर करणारं घर अखेर सापडलं, अशी त्यांची खात्री पटली. कामासाठी घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. नवराबायको दाताच्या डॉक्टरांकडे गेली त्या दिवशी त्यांनी कामाला हात घातला.

दोघं परत आली तेव्हा हंस छतावर होता. पंख्याची दांडी त्याच्या पाठीतून खाली लोंबत होती.

"ताईंचा रोज फोन येतो ना याच्यावरून," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "म्हटलं, आधी हाच घेऊ. पंखा मात्र लावू नका. मान ओली आहे अजून."

आता खराखुरा फोटो गेला. फोन आला नाही. अंगठासुद्धा नाही. दोघांना जेवण गेलं नाही.

"फार ताणलं आपण," आई म्हणाली. "एवढं ताणलं की तुटायचंच."

 फोनला रेंज आहे का, ते निरीक्षक दर पाच मिनिटांनी बघत राहिले. सकाळी दोन ओळी आल्या: 'रविवारी येतेय. तोवर कशाला हात लावू नका.' आईने त्या चष्मा लावून वाचल्या आणि मग चष्मा काढून रडली.

रविवारी आईने लेकीला दारातच असं धरून ठेवलं की बॅग बराच वेळ जिन्यातच राहिली. मुलगी खोलीत गेली, जमिनीवर उताणी पडली आणि वर बघून खदखदून हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"मिस्त्रीकाका, कारागिरी सुरेख आहे हो," ती दाराशी येऊन थांबलेल्या मिस्त्रींना म्हणाली, "पण याच्याखाली मला झोप नाही लागायची. काढा, आणि साधं करा."

एवढं बोलून ती अंघोळीला गेली.  छतासाठी आलेली मुलगी, आणि छताचा निकाल तर पाच मिनिटांत लागला. निरीक्षकांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"हंस उतरवून साधं करायला किती दिवस?"

"चार."

"तिला बारा सांगा. वाळायला वेळ लागतो म्हणा."

मिस्त्री घुटमळले. "ते नाही जमायचं, साहेब."

"मी जन्मात कुणाकडे खोटं माप मागितलं नाही. आज मागतोय."

"तसं नव्हे," मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाले. "अल्बमच्या पानांवर माझा नंबर छापलाय ना. ताईंचा परवा फोन आला होता. म्हणाल्या, आईबाबांनी विचारलं तर वीस सांगा."