कवळी आणि परदेशगमनाचा सर्वांगीण विचार

परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सर्व बाजूंनी विचार करावा. मात्र तो जाणाऱ्याने स्वतः करू नये. त्याला जायचे असते, त्यामुळे त्याचे मत निष्पक्ष राहत नाही. विचार नेहमी मागे राहणाऱ्यांनी करावा. आमच्या घरात ही पद्धत काटेकोरपणे पाळली गेली. इतरांनाही तिचा लाभ व्हावा म्हणून हकिकत सविस्तर देत आहे.

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर माप घेतात आणि खाली तळघरातल्या लॅबमध्ये हा मेणात दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो. फळीवर गावातल्या निम्म्या प्रतिष्ठितांचे जबडे प्लास्टरमध्ये मांडलेले आहेत. (रस्त्यात बडा माणूस भेटला की हा आधी त्याच्या हिरड्या आठवतो, मग नमस्कार करतो.) त्याचे काम पाहून एका परदेशी लॅबने त्याला बोलावले. राहायला घर मिळणार होते, बायकोलाही सोबत नेता येणार होते. त्याने ही बातमी जेवताना सांगितली. आम्ही त्याला लगेच आनंदित होण्यापासून परावृत्त केले आणि विचाराला लागलो.

बैठकीला आई, बाबा, मी, माझी बहीण आणि आत्याचे यजमान असे पाच जण असत. अध्यक्षपद यजमानांकडे होते, कारण परदेशाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले कुटुंबातले ते एकमेव गृहस्थ. एकदा पुढचे विमान चुकल्यामुळे ते परदेशी विमानतळावर सकाळ होईपर्यंत बाकावर बसले होते. "तिथे कुणी कुणाशी बोलत नाही," हे त्यांचे निरीक्षण त्या बाकापुरतेच होते, तरी ते संपूर्ण देशाला लागू करण्यात आले.

मग थंडीचा विचार झाला. "याला लहानपणापासून नाक आहे," आई म्हणाली. (नाक सर्वांनाच असते, पण याचे वाहते.) एकटेपणाचा विचार झाला. आजारी पडल्यास कोण बघेल, याचा झाला. तो आजारी न पडल्यास त्याला आपली आठवण येईल का, याचाही झाला. सुनेला तिकडची भाषा येणार नाही, यावर दोन बैठका गेल्या. ती त्याच भाषेच्या वर्गाला आधीपासून जात होती, पण हे कुणाला माहीत नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. तिचे मत मात्र रीतसर घेण्यात आले. "काय गं, चहा आणखी आहे का?" असे तिला विचारले. ती "आहे" म्हणाली. तिची हरकत नसल्याचे गृहीत धरून आम्ही पुढे सरकलो. एकूण मुद्द्यांपैकी ऐंशी टक्के जाण्याच्या विरुद्ध होते. उरलेले वीस टक्के जाण्याच्या बाजूचे नव्हते, ते विषयांतर होते.

बाबा या सगळ्यात फारसे बोलत नसत. फक्त चर्चेची गाडी चुकून "बरं, जाऊ दे त्याला" इथवर आली, की त्यांची कवळी टोचू लागे. ते तोंडात बोट घालून "आई गं" करत, कवळी काढून टेबलावर ठेवत आणि बैठक तहकूब होई. मग धाकटा त्यांना लॅबमध्ये नेई, हिरडी बघे, कवळी बघे, नसलेला दोष थोडासा घासून देई. बाबांना लगेच आराम पडे. पुढच्या बैठकीपर्यंत तो टिके.

परदेशी लॅबने शेवटी तारीख मागितली, त्या दिवशी कवळी दोन तुकड्यांत निघाली.

लॅबमध्ये बाबांना मीच घेऊन गेलो. धाकट्याने तुकडे दिव्याखाली धरले. उलटसुलट करून पाहिले.

"बाबा, पडली कुठे?"

"बेसिनमध्ये." दातांवाचून त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"बेसिनमध्ये पडली तर एखादा दात उडतो. अशी मधोमध नाही होत. आणि हा वरचा घाव हातोडीचा आहे."

मी जबड्यांच्या फळीकडे बघू लागलो. बाबा खुर्चीच्या हातावरची धूळ पुसत राहिले.

"तू आहेस ना," ते म्हणाले. "होईल दुरुस्त."

"आणि मी नसलो तर?"

"तेच तर म्हणतोय मी केव्हापासून."

खरे तर ते इतके दिवस काहीच म्हणाले नव्हते. धाकट्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि नवे माप घ्यायला त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मोठ्ठा आ करा," एवढेच म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने दोन कवळ्या केल्या. एक बाबांच्या तोंडात बसवली, दुसरी डबीत घालून हातात दिली. "ही फोडलीत तर ती आहे. ती पण फोडलीत तर मी तिकीट काढून येईन."

बाबांनी डबी खिशात घातली. जिना चढताना मध्येच थांबून म्हणाले, "फोडणार नाही." आणि एक पायरी चढून, "लगेच तरी नाही."

धाकटा आणि भावजय गेले. विमानतळावर बाबा नवे दात दाखवत हसत राहिले, दोघे आत दिसेनासे झाले तरी हसत राहिले, मग मी त्यांना हाताला धरून बसवले.

आमचा विचार मात्र अर्धवट राहिला नाही. बैठका चालूच होत्या. साधारण महिन्याने सर्व बाजू तपासून त्याला जाण्याची परवानगी देण्यात आली. यजमानांनी ती फोनवर कळवली, तेव्हा तो तिकडे कामावर होता. त्याने आभार मानले आणि "नंतर बोलतो, हात मेणाचे आहेत" म्हणाला. निर्णय योग्य वेळी झाला याचे समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर होते. बाबा तेवढे उठून खिडकीशी गेले.

आमच्या घराची ही तऱ्हा वाचून तुम्हाला गंमत वाटली असेल. बहुधा घरातल्याच कुणीतरी "वाचून बघ, मजेशीर आहे" म्हणत हे तुमच्या हातात दिले असेल. ते तुम्हालाच का दिले, याचा विचार सावकाश करा. आधी उठून त्या व्यक्तीच्या कपाटातली बॅग भरलेली आहे का, ते बघा.