तात्यासाहेबांच्या गाडीचे बूट

बद्रीनाथला एकच खोड होती, बाकी माणूस लाखाचा. वाळूजच्या कारखान्यात तो अ‍ॅक्सलच्या लाइनीवर कामाला होता, आणि जगातली कुठलीही गाडी आपल्याला विचारल्याशिवाय वळत नाही अशी त्याची पक्की समजूत झाली होती. दसऱ्याच्या सकाळी हर्सूलच्या घरासमोर बनियनवर उभा राहून तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाला, "आशा, अर्ध्या तासाचं काम! तू गजरा माळ, तोवर गाडी तयार!"

गाडी सासऱ्याची. फुलंब्रीच्या तात्यासाहेबांनी तरुणपणी एका जहागीरदाराच्या पोराकडून हौसेनं घेतलेली. लाल, दोन शिटांची, टप नसलेली परदेशी स्पोर्ट्स कार! जावई दोन, गाडी एक. मग तात्यासाहेबांनी फर्मानच काढलं, "दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या आधी जो जावई ही गाडी चालवत माझ्या दारात आणंल, गाडी त्याची!" थोरला जावई बन्सी दोन महिने गाडी अंगणात ठेवून बसला आणि "आपल्याला नाय जमत बुवा" म्हणून मोकळा झाला. साडूची अशी फजिती झाल्यावर बद्रीनाथला काय विचारता! तो गाडी टेम्पोत घालून हर्सूलला घेऊन आला.

दुखणं साधंच होतं. चाकाकडं जाणाऱ्या दांड्याला सांधा असतो आणि सांध्यावर वळ्यावळ्यांची रबरी पिशवी चढवलेली असते. मेकॅनिक लोक तिला बूट म्हणतात. बुटात ग्रीस भरलेलं. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, अन् सांधा म्हातारीच्या गुडघ्यासारखा कटकट वाजायला लागतो. या गाडीचे दोन्हीकडचे बूट फाटले होते. नवे बूट, ग्रीसची नळी आणि बूट आवळायच्या लोखंडी पट्ट्या बद्रीनाथनं मुंबईहून मागवल्या होत्या.

गाडी विटांवर चढवली, चाकं काढली, दोन्ही दांडे ओढून काढले, सांधे सुटे केले. इथवर खरंच झकास झालं! मग कारखान्याची शिस्त आडवी आली. बद्रीनाथनं सगळे पाने, पकडी, हातोडा रॉकेलनं धुतले, पुसले, पांढऱ्या धोतरावर लहानमोठे अशा ओळीनं मांडले, शेजारी नवे बूट आणि पट्ट्या ठेवल्या, आणि हात धुऊन चहा प्यायला आत गेला.

तेवढ्यात त्याची आई भागूबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. दर दसऱ्याला ती पोराच्या मागं लागायची, 'बद्री, हत्यारं काढ रे पूजेला', आणि दर दसऱ्याला पोरगा टाळायचा. आज बघते तर काय! हत्यारं धुतलेली, पुसलेली, धोतरावर मांडलेली! माउलीला भडभडूनच आलं. चहा संपवून बद्रीनाथ बाहेर येईस्तोवर पान्यांच्या कपाळी हळदकुंकू, हातोड्याला झेंडूची माळ, नवे बूट आपट्याच्या पानांखाली झाकलेले, आणि नारळसुद्धा फुटलेला!

"आई! हे काय केलंस!"

"पूजा! तूच मांडलीस ना? लई बरं वाटलं बघ."

"अगं, मी कामासाठी मांडली होती!"

"दसऱ्याच्या दिवशी हत्यारानं काम? डोकं फिरलं का तुजं? पुजलेलं हत्यार उद्या सकाळपत्तोर हलवायचं नाय!"

बद्रीनाथनं गुपचूप एका पान्याकडं हात नेला.

"लाव हात. लाव! मंग मी बी आज जेवत नाय."

सणाच्या दिवशी आई उपाशी! हात आपोआप मागं आला. गाडी बिचारी पाय काढून विटांवर, संध्याकाळच्या आत फुलंब्री गाठायची, आणि पाने देवासारखे धोतरावर बसलेले! बद्रीनाथ तसाच शेजारच्या चांदपाशाच्या बेकरीत पळाला.

"पाशाभाई, पाने आहेत का?"

"हौ, पूरा डब्बा है. मगर नक्को!"

"का?"

"भागूखाला सुबहच आके हळदकुंकू लगाके गई. बोली, पाशा, कल तक हाथ नक्को लगाना. हर साल आती बेचारी, उसकी बात मैं कैसा तोडूं?" चांदपाशानं दोन्ही पंजे पुढं केले. बोटांवर फोड आले होते. "भट्टी के चिमटे भी बंद हैं. आज पाव हाथ से निकाल रहा मैं!"

बद्रीनाथ परत येऊन पायरीवर डोकं धरून बसला. मग आशाबाई सासूला म्हणाली, "आई, असं झालं तर बाबांची गाडी थोरले जावई म्हणून बन्सीदाजींच्या घरी जाईल."

भागूबाई ताडकन उठली. "बन्सीच्या? त्याच्या आईनं तुमच्या लग्नात मला मागल्या पंगतीला बसवलं व्हतं!" तिनं क्षणभर डोळे मिटले आणि निवाडा दिला. "रबर हत्यार नाय. ग्रीस बी हत्यार नाय. ते घे. धोतरावरल्या लोखंडाला हात नाय लावायचा. आन् सैपाकघरातलं मी काय पुजलेलं नाय!"

झालं! घरात युद्धाची तयारी सुरू झाली. सांडशी आली, लाटणं आलं, पाट्याचा वरवंटा आला. वरवंट्यानं ठोकून बद्रीनाथनं पहिला सांधा दांड्यावर बसवला. काय बसला! तो कॉलर ताठ करणार, तोच आठवलं की अंगात बनियनच आहे. इतक्यात आशाबाईनं हातातली वस्तू पुढं केली.

"अहो, हा बूट कुठं घालायचा?"

बूट आधी घालायचा असतो! मग सांधा! लाइनीवर जन्म गेला, पण तिथं बूट घालणारा माणूस वेगळा होता. सांधा पुन्हा काढायला दुपार झाली. मग नवा बूट ताठ, चढेना. गरम पाण्यात मऊ करावा म्हणून बद्रीनाथनं चुलीवरच्या पातेल्यात बुडवला. ते पुरणाच्या डाळीचं पाणी निघालं. त्याचीच आमटी झाली, आणि चांदपाशा दोन वाट्या पिऊन म्हणाला, "खाला, इस बार मसाला कुछ जोरदार है!"

लोखंडी पट्ट्या बाद, म्हणून बूट परकराच्या नाड्यांनी आवळले. गाठी भागूबाईनं मारल्या. चाकं सांडशी आणि लाटण्यानं पिळून बसवली, त्यात लाटणं मोडलं. शेवटी बेकरीतल्या चार माणसांनी गाडी उचलून विटांवरनं खाली ठेवली, आणि गाडी चक्क चालू झाली!

नवरा-बायको निघाले. चाकं पडतील या भीतीनं बद्रीनाथ इतका जपून चालवत होता की चौका गावाजवळच्या चढावर एका बैलगाडीनं त्यांना मागं टाकलं. गाडीवान वळून वळून हसत होता. पण दिवस मावळायच्या आत गाडी तात्यासाहेबांच्या दारात उभी राहिली. कटकट नाही, खडखड नाही! बद्रीनाथला रडू यायचंच बाकी होतं.

"शाब्बास, जावईबापू!" फेटा बांधलेले तात्यासाहेब ओरडले. "गाडी तुमची!"

गावानं टाळ्या वाजवल्या. बन्सीनं येऊन कडकडून मिठी मारली ती सोडीचना. त्याचे डोळे भरून आले होते.

"वाईट वाटून घेऊ नका, बन्सीराव," बद्रीनाथ मोठ्या मनानं म्हणाला.

एवढ्यात तात्यासाहेब घरातून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आले, आशाबाई उतरली त्या शिटावर बसले आणि ट्रंक मांडीवर घेतली.

"मामा, हे काय?"

"काय म्हंजी? जिकडं गाडी, तिकडं मी! इथं एकटा भिंतीशी किती बोलू? बन्सीला मागंच सांगितलं व्हतं. तो बोलला नाय तुमाला? आशा येईल एसटीनं. पहाटं पाचला मला गाडीतनं फेरफटका लागतो, जावईबापू. बाकी माजा काय बी तरास नाय. मी कुणाच्या मधी बोलत नाय, फक्त चुकलं की सांगतो!"

बद्रीनाथनं सावकाश मान वळवून साडूकडं पाहिलं. बन्सीनं आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली आणि कानाशी लागून म्हणाला, "सोनं घ्या, साडू, लई उपकार झाले. बुटाला तेवढं जपा. ब्लेडनं लगेच फाटतोय तो, मला माहीत हाय."

बद्रीनाथनं मान डोलावली आणि सगळे खिसे चाचपून पाहिले. ब्लेड काही सापडलं नाही.